न्हाणीचा दगड

मराठी साहित्यात वाडे पुष्कळ आहेत आणि ते बहुधा कोसळण्याच्या बेतात असतात. एखाद्या कथेत वाड्याची भिंत खचली, की आम्ही मराठीचे अध्यापक फळ्याकडे वळतो आणि सरंजामी व्यवस्थेचा ऱ्हास, एकत्र कुटुंबाचे विघटन, मूल्यांची पडझड असे शब्द एकाखाली एक लिहू लागतो. त्यात वावगे काही नाही. परंतु मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीने, सर, ती भिंत नेमकी कशाने खचली, असे विचारले तर आमची पंचाईत होते. खरे उत्तर बहुतेक वेळा पाणी हे असते. माळवदावर तुंबलेले, वळचणीला मुरलेले, नाहीतर न्हाणीतून वर्षानुवर्षे पाझरलेले. दुसरी एक गंमत अशी, की महेश एलकुंचवारांच्या १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाने 'वाडा' आणि 'चिरेबंदी' हे दोन शब्द असे काही एकत्र बांधून टाकले आहेत, की वाडा म्हणजे दगडाचा, हे विद्यार्थ्यांना सांगावेच लागत नाही. आमच्याकडच्या घरांत घडीव चिरे असतात ते दर्शनी बाजूला, जोत्याला आणि दारावर. त्यांच्या मागे ओबडधोबड दगड आणि पांढरी माती. आणि घर तोलून धरलेले असते ते लाकडाने.

हे सारे मनात येण्याचे निमित्त अगदी घरगुती आहे. नेकनूरच्या आमच्या घरातला न्हाणीचा दगड परसातून उचलून माजघरात, उंच केलेल्या लाकडी बैठकीवर बसवून घेण्याचे काम आम्ही दोघांनी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत केले. केले म्हणजे करवून घेतले. हात दुसऱ्यांचे होते, आम्ही चहा पोचवत होतो आणि प्रश्न विचारत होतो. काम आठ दिवस चालले.

बीडहून निघालेला रस्ता मांजरसुंब्याचा घाट चढून बालाघाटच्या पठारावर येतो आणि तेथून केजकडे फुटणाऱ्या वाटेवर नेकनूर लागते. मांजरसुंब्याच्या जवळच डोंगराच्या कुशीत कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळ्यात कोसळणारी धार. त्या धारेखाली डोके धरून उभे राहिलेले भाविक आम्ही लहानपणापासून पाहत आलो, त्यामुळे वरून अंगावर पाणी पडणे ही कल्पना आम्हांला कधीच परकी नव्हती. रोज तेवढे पाणी असणे ही मात्र परकी होती. आमच्या घरात अंघोळ म्हणजे एक बादली, एक तांब्या आणि तो दगड.

तीन फूट लांब, तीन फूट रुंद, पाच इंच जाडीचा काळा पाषाण. वरच्या बाजूने दोन इंच खोल कोरून काढलेला, चारी बाजूंनी तीन-तीन इंचांची कड राखलेली. एका कडेला मध्यभागी पन्हळ, जिभेसारखी वीतभर बाहेर आलेली. कोरलेला तळ वरवर सपाट दिसतो, पण तळहात फिरवला की कळते, की तो चहूकडून पन्हळीकडे उतरता आहे. कोणा पाथरवटाने हा ढाळ छिन्नीने काढला, आणि आजच्या कोणत्याही फरशीपेक्षा अचूक काढला. पाय घसरू नये म्हणून तळाला बारीक टाचे मारलेले होते. वापराने ते गुळगुळीत होत आले आहेत, पण गेलेले नाहीत. असा दगड दुकानात मागायचा झाला तर आज त्याला शॉवर ट्रे म्हणावे लागेल.

मोठीआई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. आम्हां दोघांपैकी एकाची ती थोरली चुलती. पण आता ती दोघांचीही सारखीच आहे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा हैदराबाद संस्थान जाऊन दहाएक वर्षे झाली होती आणि महाराष्ट्र राज्य अजून व्हायचे होते. परसातली न्हाणी माजघराच्या दारापासून चाळीस पावलांवर, मध्ये तीन पायऱ्या, आणि शेवटची दहा पावले उघड्यावर. गेल्या दोन वर्षांत तिच्या गुडघ्यांनी ही वाट नाकारायला सुरुवात केली. आधी तिने रोजची अंघोळ दिवसाआड केली. विचारले तर म्हणाली, "पाणी वाचतं." मग चार दिवसांआड. धाकटी सून धरून नेऊ लागली, तेव्हा मोठीआई दारातच थांबली. "मला धरून न्हाऊ घालायला मी काय बाळंतीण हाय का?" या वाक्यावर घरात कोणी काही बोलू शकले नाही. तिला अंघोळ नको होती असे नव्हते. तिला दार लावून, एकटीने अंघोळ हवी होती.

म्हणजे न्हाणी आत आणायची. येथपर्यंत सोपे होते.

माजघराचा एक खण रिकामा होता. ज्यांनी अशी घरे पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवे: चार लाकडी खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घराचे माप खणांत मोजतात. खांब जमिनीत पुरलेले नसतात. ते दगडी उथळ्यांवर नुसते उभे असतात, म्हणजे ओल त्यांच्या पायाशी येत नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यांवर पाला आणि त्यावर हात-दीड हात मातीचे माळवद. हा सगळा बोजा भिंतीवर न येता खांबावर यावा, अशी ती रचना. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा या रचनेची फार क्रूर परीक्षा झाली. जेथे तुळया सरळ भिंतींवर टेकवलेल्या होत्या तेथे भिंतींबरोबर माळवद झोपलेल्या माणसांवर आले. जेथे भार खांबांवर होता अशा काही घरांत भिंती बाहेर कोसळूनही लाकडी सांगाडा उभा राहिलेला दिसला. आमच्या गावात त्या दिवशी नुसती भांडी वाजली. पण त्यानंतर किती तरी वर्षे मराठवाड्यातली माणसे डोक्यावरच्या मातीकडे संशयाने बघत होती, आणि घर उतरवून लाकूड विकून स्लॅब घालणारे वाढत गेले. आमचे घर राहिले ते थोडे आळसाने आणि थोडे मोठीआईमुळे.

तर तो रिकामा खण. बाहेरच्या भिंतीला लागून, पलीकडे परसातली अळूची आळी, म्हणजे पाणी जायला वाट तयार. आम्ही गवंडीकाम करणाऱ्या चाचांना बोलावले. त्यांनी पहारेच्या टोकाने फरशीवर दोनदा ठोकले, कान दिला आणि विचारले, "नीचे पेव है क्या?" होते. आम्ही ते विसरून गेलो होतो असे नाही, पण ते आहे म्हणून त्याचे काही करावे लागेल हे सुचले नव्हते. या भागात ज्वारी साठवायला घरातल्या जमिनीत पेवे असत. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढे, आणि आत पोट रुंद, रांजणासारखे. कडांना कडबा, भुसकट लावून ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. उघडताना आधी बराच वेळ तोंड मोकळे ठेवायचे, कारण आत कोंडलेला वायू जीव घेतो. आमच्या पेवात गेली चाळीस वर्षे अंधाराशिवाय काही नाही. त्याच्यावर विटा आणि सिमेंटचा ओटा बांधणे म्हणजे पोकळीच्या छातीवर वजन ठेवणे. मुरूम टाकून भरता येईल का, असे आम्ही विचारले. चाचा म्हणाले, भरता येईल, पण ते चार पावसाळे खचत राहील, आणि खचणाऱ्या जमिनीवर न्हाणी बांधायची नसते.

यावर सुताराने लाकडी बैठकीची कल्पना मांडली. पोकळीवरून जाणाऱ्या तीन तुळया टाकायच्या. त्यांची टोके दोन्ही बाजूंच्या जोत्याच्या दगडांवर, म्हणजे पेवाच्या पोटाच्या बाहेर, घट्ट जमिनीवर. मधली फरशी कशालाच टेकू द्यायची नाही. तिच्यावर भार नाही आणि तिच्यात पाणी नाही. शिवाय खालून वारा खेळता राहील आणि पुढेमागे पाझर सुटला तर बॅटरी मारून दिसेल. विटांच्या ओट्यात तो भिंत फुगल्यावरच कळतो. आम्हांला ही गोष्ट उमजली ती हिशेब मांडल्यावर. काळ्या पाषाणाचे वजन पाण्याच्या पावणेतीन-तीन पट धरतात. कोरलेला भाग वजा जाता आमचा दगड भरतो सव्वादोनशे किलोंच्या आसपास. त्यावर मोठीआई, बादली आणि तिचा पाट. सगळे मिळून तीनशे. सागाच्या तीन तुळयांना सहा फुटांच्या अंतरात तीनशे किलो म्हणजे काहीच नाही. जिथे हेच वजन नको होते ती फरशी मात्र रोज पायाखाली असून आम्ही कधी वाजवून पाहिली नव्हती.

दरम्यान आम्ही रीतसर बाजारही पाहून आलो. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानात पांढरे शुभ्र शॉवर ट्रे होते; काही हलके, ॲक्रिलिकचे, काही राळ आणि दगडाची पूड मिसळून ओतलेले, चाळीसएक किलोंचे. त्यांतल्या एकाचा फोटो मोठीआईला मोबाइलवर दाखवला. तिने तो दूर धरून पाहिला. "ही तर परात हाय." तरीही आम्ही तो घेतलाही असता, कारण सव्वादोनशे किलोंपुढे चाळीस किलो कोणालाही शहाणपणाचे वाटतील. घेतला नाही तो एका तांत्रिक कारणाने, आणि ते कारण भाषेच्या अभ्यासकांनी ऐकण्यासारखे आहे.

दुकानातल्या मुलाने विचारले, "सर, नहाणी ट्रॅप चार इंची देऊ का तीन?" जमिनीतल्या मोरीच्या तोंडाशी बसवतात ती वाटी, जिच्यात थोडे पाणी अडून राहते आणि गटारीची दुर्गंधी व किडे वर येत नाहीत, तिला भारतभरच्या नळकामात 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. इंजिनिअरांच्या इंग्रजी नकाशांत, निविदांत, सामानाच्या याद्यांत हाच शब्द असतो. मराठी घरातून न्हाणी गेली, तिच्या जागी बाथरूम आले, आणि मराठी शब्द इंग्रजी कागदात जाऊन टिकला. संस्कृत 'स्नान', प्राकृत 'ण्हाण', मराठी 'न्हाण', आणि पुढे पी.व्ही.सी.च्या वाटीवर येऊन थांबलेला हा प्रवास आमच्या भाषाविज्ञानाच्या कोणत्याच टिपणात नव्हता. आता आहे.

असो. कारण असे, की या नव्या ट्रेचे भोक तळाला असते. तळाला भोक म्हणजे त्याखाली ट्रॅप, ट्रॅपखाली आडवा पाइप आणि पाइपाला ढाळ. जमीन फोडायची नसेल तर हे सगळे बैठकीच्या उंचीतच मावले पाहिजे. सुताराने काडीने जमिनीवर आकडे मांडले: ट्रॅपला पाच इंच, पाइपाच्या जाडीचे आणि ढाळाचे मिळून आणखी पाच, वर फळ्या, वर ट्रे. बैठक फूट-सव्वा फूट उंच. मोठीआईच्या गुडघ्याला सव्वा फूट म्हणजे डोंगर. जुन्या दगडाची वाट मात्र बाजूने होती. पन्हळ कडेतून बाहेर येते, तिच्यापुढे लगेच भिंत, भिंतीपलीकडे अळू. खाली काहीच नको. ट्रॅप बसवायचा तर भिंतीबाहेर, जमिनीवर, जिथे तो हाताने साफ करता येईल. ज्याला आम्ही अवजड आणि जुने म्हणत होतो त्यानेच उंची वाचवली.

चार इंच जाडीच्या तुळया, त्यांच्या टोकांखाली अर्ध्या इंचाची दगडी चकती, वर पाच इंचांचा दगड. एकूण साडेनऊ. पुढे पावणेपाच इंचांची रुंद लाकडी पायरी, दोन्ही पाय एकाच वेळी ठेवून थांबता येईल अशी. म्हणजे पावणेपाच चढायचे, थांबायचे, पुन्हा पावणेपाच. हे माप आम्ही पुस्तकातून काढले नाही. मोठीआईला ओसरीत बसवून तिच्यापुढे एकावर एक पाट रचले आणि कोणत्या पाटावर ती कोणाचा खांदा न धरता पाय ठेवते ते पाहिले. दुसऱ्या पाटाला तिने पाय उचलला आणि परत ठेवला. एक पाट, आणि वर एक जाडसर वही, एवढीच तिची मर्यादा निघाली. वही आमचीच होती. व्याख्यानाची टिपणे असलेली.

लाकूड घरातलेच मिळाले. मागे पडवीचा एक खण उतरवला होता, त्याच्या सागाच्या कड्या गोठ्यात आडव्या पडून होत्या. बालाघाटावर साग फार नाही. येथले आपले लाकूड म्हणजे बाभूळ आणि लिंब. पायरीसाठी आणि धरायच्या खुंटासाठी सुताराने बाभूळच घेतली. बाभळीला भुंगा लागतो म्हणून गाडीची चाके करणारे ती आधी पाण्यात मुरवून ठेवत. त्याच्याकडे अशी मुरवलेली एक फळी होती. सागाच्या कड्यांवर रंधा फिरला तेव्हा शंभर वर्षांच्या काजळीखालून पिवळसर लाकूड निघाले आणि माजघरभर वास सुटला. सुतार लाकडाचा प्रत्येक तुकडा आधी बोटाने वाजवून पाहत होता, जसे चाचांनी फरशीला वाजवले होते. आमच्या हे तेव्हाच लक्षात आले, की या दोघांचाही पहिला भरवसा कानावर आहे.

मग वाद झाला तो ढाळाचा. सुताराचे म्हणणे, बैठक भिंतीकडे अर्धा इंच उतरती ठेवू, पाणी चटकन निघेल. लाकडाच्या माणसाला पाण्याची धास्ती असतेच. चाचांनी पारदर्शक नळी पाण्याने भरली, एक टोक एका तुळईवर आणि दुसरे टोक तिसऱ्या तुळईवर धरले, आणि ठाम नकार दिला. "ढाल पत्थर में हैच. नीचे कायकू देना?" बैठक ओळंब्याला ओळंबा आणि पातळीला पातळी हवी. खाली उतार दिला तर दगडातला ढाळ बिघडेल, एका कोपऱ्यात पाणी थांबेल, आणि सव्वादोनशे किलोंचा ऐवज रोज केसभर भिंतीकडे सरकू पाहील. घडवणाऱ्याने उतार एकदा दिलेला आहे. बसवणाऱ्याने तो पुन्हा देऊ नये. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. टीकालेख लिहिताना, मुळात असलेला उतार पुन्हा आपल्या बाजूने देण्याचा मोह किती होतो, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. अर्थात हे चाचांना सांगायचे कारण नव्हते.

तुळयांवर दीड इंची फळ्या तुळयांच्या पाठीला खाच पाडून बसवल्या, म्हणजे उंची वाढली नाही. फळ्यांवर जाड प्लॅस्टिक, कडांना वर दुमडलेले. त्यावर वाळू-सिमेंटचा पातळ थर, ओलाच. हा थर कशाला, हे आम्ही विचारलेच. दगड चार ठिकाणी टेकला तर तो डुगडुगतो, आणि डुगडुगणारा दगड कधी ना कधी कोपऱ्याला तडकतो किंवा खालचे लाकूड चावत बसतो. त्याचे सगळे बूड टेकले पाहिजे. कारागिरांच्या बोलीत दगड 'ठेवत' नाहीत, तो 'बसतो'. ठेवलेला आणि बसलेला यांतला फरक हाताला कळतो: कडेवर दाब दिला की ठेवलेला उत्तर देतो, बसलेला देत नाही.

दगड हलवण्याचा दिवस मात्र वेगळाच होता. सहा माणसे, दोन पहारी, लोखंडी पाइपांचे पाच तुकडे आणि एक जाडजूड फळी. परसातल्या त्याच्या जागेवरून दगड उचकटला तेव्हा खालून विंचू निघाला आणि जमीन काळी, ओली, गार होती, उन्हाळा असूनही. पाइपांवरून तो सरकत होता, मागचा पाइप मोकळा झाला की कोणी तरी तो उचलून पुढे ठेवत होते. उंबऱ्यापाशी सगळे थांबले. मोठीआई आतून म्हणाली, "उंबऱ्याला लावू नका." फळी टाकून उतरण केली, पहारीने एक बाजू बोटभर उचलायची, लाकडाचा तुकडा सारायचा, मग दुसरी बाजू. असा बोटबोट चढत तो उंबऱ्यावरून आत आला आणि तसाच बोटबोट चढत बैठकीच्या उंचीला पोचला. शेवटी तागाच्या चार दोरांवर तोलून ओल्या थरावर उतरवला आणि दोर खालून ओढून घेतले. चाचांनी तळहात कडेवर ठेवला, आपले वजन दिले. दगड बोलला नाही.

या सगळ्या वेळात मोठीआई बाजेवर बसून बघत होती आणि मध्येच काही तरी सांगत होती. बहात्तरच्या दुष्काळात याच दगडावर बाज ठेवून, बाजेवर बसून अंघोळ करायचे. खाली घमेले, आणि घमेल्यातले पाणी म्हशीला. त्यामुळे पाण्याखाली लाकूड आणि लाकडाखाली आणखी काही, हा प्रकार तिला नवा नव्हता. एरवीही आपल्याकडे अंघोळीला उंच लाकूड लागतेच. अभ्यंगाला पाट, नवऱ्यामुलाला चौरंग. एक तांब्या भरून घालण्यापुरता माणूस जमिनीपासून चार बोटे वर घ्यायचा, ही आपली रीतच आहे.

आणि या दगडाला बायकांचे आयुष्य जितके ठाऊक आहे तितके घरातल्या कोणत्याही वस्तूला नसेल. मराठीत पुरुष अंघोळ करतो, बाई न्हाते. 'न्हाण आले' म्हटले की मुलगी मोठी झाली. बाळंतिणीचे न्हाणे, बाळाला न्हाऊ घालणे, सणाचे न्हाणे. यांतले प्रत्येक 'न्हाणे' त्या तीन फुटांत घडलेले. 'लीळाचरित्रा'त स्नानाला 'मादने' असा शब्द येतो, मर्दनाच्या जोडीने. चक्रधरांच्या दिनक्रमातले ते मादने महानुभावांनी भक्तीने नोंदून ठेवले. बायकांच्या न्हाण्याची नोंद ठेवायला कोणी म्हाइंभट बसला नव्हता. आमच्या मराठी कादंबऱ्यांत माजघर आहे, तुळशीवृंदावन आहे, सोपा आहे, बळद आहे. न्हाणी बहुधा बंद दारामागचा आवाज म्हणून येते. तसे असणे सभ्यपणाचेही असेल. पण मोठीआईने एका दुपारी सहज सांगितलेल्या चार गोष्टी, ज्या येथे लिहिण्याची तिची परवानगी आम्ही मागितलेली नाही, त्या ऐकताना आम्हांला वाटले, की त्या बंद दाराने आमच्या वाङ्मयेतिहासाचा बराच भाग आत ठेवला आहे.

भिंतीतून आरपार सहा इंची पाइप घातला. भिंत अडीच फुटांची. पांढऱ्या मातीला पाणी लागले की ती साखरेसारखी बसते, म्हणून पाइप बाहेर वीतभर पुढे काढला आणि भोवती चुन्याने पक्के केले. पन्हळ पाइपाच्या तोंडात चार बोटे आत गेली आहे. बाहेर टोकाला तो नहाणी ट्रॅप, त्याच्यापुढे आळी. अळूला पाणी पूर्वी जात होते तितकेच जाते, फक्त दुसऱ्या बाजूने. खणाच्या उरलेल्या दोन बाजूंना लाकडी चौकटीत पत्र्याचे आडोसे आणि एक दार, आतून कडी. कडीबद्दल घरात दोन मते होती. पडली-झडली तर दार बाहेरून उघडले पाहिजे, असे धाकट्या सुनेचे म्हणणे, आणि ते रास्त होते. शेवटी सुताराने आतली कडी अशी बसवली, की बाहेरून फटीत पट्टी घालून ती उचलता येते. हे मोठीआईला सांगितलेले नाही, असे सगळ्यांना वाटत होते. ती दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "पट्टी कुठं ठेवलीय ते मला बी सांगून ठेवा."

सिमेंट वाळायला चार दिवस दिले. पाचव्या दिवशी सकाळी तिने पाणी तापवायला सांगितले. आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसलो होतो, वाचत कोणीच नव्हते. दार लागले, कडी पडली. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तांब्या बादलीच्या काठाला लागला. थोड्या वेळाने परसातल्या पाइपातून पहिले पाणी आले, आधी गढूळ, सिमेंटच्या रंगाचे, नंतर स्वच्छ, शिकेकाईचा फेस घेऊन. धाकटी सून खाली वाकून बॅटरीने तुळया बघून आली. कोरड्या होत्या.

तिला बाहेर यायला पाऊण तास लागला. बाहेर आल्यावर तिने केस पुसत सांगितले ते एवढेच, की धरायचा खुंट दोन बोटे उंच झाला आहे, हात खांद्यावर जातो, उतरताना जोर लागत नाही. सुतार बाजाराच्या दिवशी आला आणि खुंट दोन बोटे कापून, टोक गोल करून गेला. त्याने त्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, माप घेताना आजींना उभे करून घेतले होते, उतरताना घ्यायला हवे होते.